क्वालिसचं डिफ्रन्शियल सील: वर्षात तिसरं बसवलं, थेंब चालूच

एमएच१३वाला · ४ मे, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. गाडी २००३ ची टोयोटा क्वालिस डिझेल. मामांची होती, मामांच्या गुडघ्यांनी क्लच दाबायला नकार दिल्यावर माझ्याकडे आली. मीटर २ लाख ८० हजारांवर. रनिंग फार नाही, महिन्यातून एकदा अक्कलकोट, पौर्णिमेला आईसाठी तुळजापूर, आषाढीच्या आधी पंढरपूर. बाकी होटगी रोडवर घराखाली उभी.

दुखणं असं. मागच्या हाउसिंगला (डिफ्रन्शियलचे, म्हणजे मागची चाकं फिरवणारे, गिअर ज्यात असतात ती पेटी) जिथं प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारा फिरता दांडा, येऊन मिळतो तिथून तेल येतं. मागच्या जूनपासून पिनियनचं (शाफ्टनं फिरणारा लहान गिअर) ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी ओठाची कडी, तीनदा बदललं, दोन वेगवेगळ्या गॅरेजांत. पहिलं चार महिने टिकलं, दुसरं दीड महिना, तिसरं वीस दिवस. प्रत्येक वेळी उत्तर एकच: "मालक, हल्ली माल डुप्लिकेट येतोय." तिसऱ्या वेळी मी समोर उभा होतो. पोरानं हवेची गन लावून नट काढला, हातोड्यानं फ्लँज (शाफ्ट बोल्टांनी जोडायची चकती) पाडला, सील ठोकलं, परत गननंच नट आवळला. वीस मिनिटांत काम फत्ते.

पार्किंगमध्ये नवीन फरशी बसवलीय. त्यावर आता मी जुनी चादर अंथरतो. सोलापुरात चादरीला तोटा नाही, पण बायको म्हणते गाडीला अंथरूण घालणारा तू पहिलाच.

आता स्वतः करायचं ठरवलंय. घरी पाने आहेत, गाडी उचलून टेकवायला दोन घोड्या आहेत, मे महिन्याची सुट्टी आहे. कुठून सुरुवात करू?

बाळीवेशीतला · ४ मे, रात्री १०:३१

थेंब पडतोय म्हणजे आत तेल आहे की ओ. थेंब थांबला की घाबरायचं.

एमएच१३वाला · ४ मे, रात्री १०:४०

तसंच समजून मामांनी एक क्राऊन-पिनियन (डिफ्रन्शियलमधली मोठ्या-लहान गिअरची जोडी) जाळलाय. तो विनोद घरात चालत नाही.

पाना_१९ · ४ मे, रात्री ११:०५

सगळ्यात आधी खात्री कर की तेल पिनियनचंच आहे. फ्लँज फिरताना तेल चहूकडे उडवतो, फरशीचा पत्रा, पाट्याच्या स्प्रिंगा, हँडब्रेकची केबल सगळं माखतं. मग माणूस कुठंही बोट ठेवतो. गिअरबॉक्सच्या मागच्या सीलचं तेलसुद्धा शाफ्टवरून वाऱ्यानं मागं जातं. आणि मागच्या एखाद्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल असेल तर ते एक्सलचं सील, वेगळं प्रकरण. ते ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं, त्याच्याशी खेळू नको.

रॉकेल नाहीतर डिझेल आणि जुना ब्रश घेऊन सगळं धुऊन काढ. वाळू दे. मग बाळाची पावडर असते ना, ती फुंकर मारून हाउसिंगच्या नाकाडावर बसव. पंचवीस-तीस किलोमीटर फिरून ये आणि खाली झोप. पावडर जिथं आधी काळी पडली तिथंच गळती.

वास पण घे. डिफ्रन्शियलमधल्या हायपॉइड गिअरच्या तेलाला गंधकासारखा उग्र वास असतो. एकदा नाकात बसला की चुकत नाही.

एमएच१३वाला · ६ मे, दुपारी १:२०

केलं. सकाळी साडेसहाला निघून तुळजापूरला जाऊन आलो, आईला वाटलं देवीसाठी. गिअरबॉक्सची मागची बाजू कोरडी. दोन्ही चाकांची आतली बाजू कोरडी. फ्लँजच्या मागं, सीलच्या काठाभोवती पावडरीची काळी बांगडी झालीय, आणि खालच्या बाजूनं एक ओघळ. वास तोच. सकाळी जाताना काही नव्हतं, परतीला थांबून बघितलं तेव्हा दिसलं.

फ्लँज हातात धरून वर-खाली हलवून बघितला, काही हालत नाही. गोल फिरवला तर किंचित टकटक आहे.

पाना_१९ · ६ मे, दुपारी १:४४

गोल फिरवल्यावरची टकटक म्हणजे दात्यांमधली मोकळीक, बॅकलॅश, तो थोडा असतोच. वर-खाली किंवा आत-बाहेर हाललं असतं तर पिनियनचे बेअरिंग गेले समजायचे, मग कुठलंही सील टिकलं नसतं. तू वाचलास.

लेथवाला_पूर्वभाग · ६ मे, रात्री ९:१५

मी गाड्यांचा माणूस नाही, यंत्रमागाचे शाफ्ट आणि पुल्या करतो. पण सील आमच्याकडं पण असतात.

फ्लँज काढल्यावर त्याची मान बघा, जिथं सीलचा ओठ घासतो ती जागा. नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तिथं चर पडलाय. रबरानं लोखंड झिजतं का असं लोक मला विचारतात. रबर नाही ओ झिजवत, रबरात अडकलेली धूळ झिजवते. आपल्या सोलापुरात धुळीला काय तोटा. वर्षानुवर्षं एकाच जागी घासून रेघ पडते. नवीन सीलचा ओठ त्याच रेघेत जाऊन बसतो, त्याला दाबायला काही राहत नाही.

उपाय तीन. एक, नवीन फ्लँज. दोन, सील दोन मिलीमीटर कमी आत बसवायचं, म्हणजे ओठ चकचकीत जागेवर येतो. सील बसतं त्या घराच्या तोंडाशी तेवढी जागा आहे का ते आधी मापून घ्या. तीन, मानेवर पातळ स्टीलची बाही चढवायची. ती पाव मिलीमीटरच्या आसपास जाडीची असते, त्यामुळं सीलचं माप बदलत नाही.

एमरी पेपर मारणार असाल तर गोल मारा, मानेच्या भोवती. लांबीत मारला तर बारीक उभ्या रेघा पडतात आणि त्या रेघाच तेलाला वाट देतात. हे मी हजारदा सांगून थकलोय.

गिअरताई · ७ मे, सकाळी ८:५०

मी सध्या पुण्यात, पण माहेर सात रस्त्याचं, त्यामुळे बोलायचा हक्क आहे.

मला सीलपेक्षा त्या हवेच्या गनची काळजी वाटतेय. दादा, तो नट म्हणजे चाकाचा नट नाही. पिनियन दोन निमुळत्या बेअरिंगवर उभा असतो आणि त्या दोघांच्या मध्ये एक नळी असते, क्रश स्लीव्ह. नट आवळला की ही नळी फुग्यासारखी बाहेर फुगून आखूड होते, आणि बेअरिंगवर ठरावीक दाब बसतो. त्याला प्रीलोड म्हणतात. नळी एकदा दबली की परत लांब होत नाही. गननं नट दोन झटके जास्त बसला तर नळी जास्त दबते, बेअरिंग जाम होतात, तापतात. सैल राहिला तर पिनियन भार आल्यावर पुढं-मागं सरकतो, क्राऊनवर दाते वेगळ्या ठिकाणी लागतात आणि गाडी साठच्या पुढं रडायला लागते. तीन वेळा गन लागलीय, तेव्हा आता तिथं काय स्थिती आहे ते मोजल्याशिवाय नट सोडवू नका.

मोजायचं असं. गाडी घोड्यांवर, मागची दोन्ही चाकं आणि ड्रम काढलेले, म्हणजे ब्रेकचे लायनर मध्ये येणार नाहीत. प्रोपेलर शाफ्ट सोडवलेला. फ्लँजच्या कडेला दोरा चार-पाच वेढे गुंडाळा, टोकाला वजनाचा लोंबता काटा लावा आणि सावकाश ओढा. फ्लँज सुटताना काटा उसळेल तो आकडा सोडून द्या, एकसारखा फिरत असताना जो दिसतो तो लिहून ठेवा. काम झाल्यावर पुन्हा तसंच. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत, नंतरचा किंचित जास्त, कारण नवीन सील घट्ट असतं.

खुणा: शाफ्ट आणि फ्लँज यांवर मिळून एक, म्हणजे तोल बिघडणार नाही. नट, पिनियनचं टोक आणि फ्लँज या तिघांवर मिळून दुसरी. रंगानं नको, पंचनं. रंग रॉकेलनं जातो. नट किती आटे फिरून निघाला तेही मोजा.

पाना_१९ · ७ मे, सकाळी ९:३०

ताई बरोबर, पण एक अडचण. नट ठोकून लॉक केलेला असतो, त्याची कॉलर पिनियनच्या खाचेत दाबलेली. तो पुन्हा वापरू नये म्हणतात. नवीन नट घेतला तर खूण कुठं जुळवायची? दोन नटांचे आटे एकाच ठिकाणी सुरू होत नाहीत.

गिअरताई · ७ मे, सकाळी ९:४८

म्हणूनच दोरा आणि काटा. नवीन नट असेल तर खूण विसरायची आणि फक्त ओढ मोजत जायचं. आवळ, मोज. पुन्हा थोडं आवळ, पुन्हा मोज. टोयोटाची स्वतःची पद्धत तर पुढचं बेअरिंग काढून नळीच नवीन घालायची आहे, आणि तीच खरी. पण घरी जुनी नळी आणि जुनाच नट ठेवणार असाल तर खुणेपर्यंत आणा आणि तिच्यापुढे केसभर. केसभर म्हणजे केसभर, पाव आटा नव्हे.

बाळीवेशीतला · ७ मे, सकाळी १०:०२

एवढं गणित बारावीत केलं असतं तर मी पण पुण्याला असतो.

ट्रिपवाले_काका · ७ मे, रात्री १०:५५

मुला, मी ३१ वर्षं भाड्याची गाडी चालवली. गाणगापूर, अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, हाच फेरा. सगळ्यांचं बोलणं वाचलं, शहाणी माणसं आहेत. मला एकच सांग, हाउसिंगचा श्वास बघितलास का?

वरच्या अंगाला एक बारकी टोपी असते, ब्रीदर. तू लिहिलंस, जाताना कोरडं आणि येताना ओलं. गार असताना गळत नाही, तापल्यावर गळतं, म्हणजे आतून कोणीतरी ढकलतंय.

आणि मागच्या पावसाळ्याआधी खालून काळं डांबर मारून घेतलंस का?

एमएच१३वाला · ७ मे, रात्री ११:१०

काका, मागच्या जूनमध्येच अंडरकोटिंग केलंय. गळती पण जूनपासूनच. मी आत्ता बॅटरी घेऊन खाली जातोय.

एमएच१३वाला · ७ मे, रात्री ११:३४

टोपी सापडत नव्हती. हाउसिंगच्या वर काळ्या डांबराचा एक फोड होता, बोराएवढा. नखानं उकरला तर आत टोपी. फिरत नाही, हालत नाही. पूर्ण गिलावा झालाय.

गिअरताई · ८ मे, सकाळी ७:४०

काका, तुम्हाला सलाम. मी प्रीलोड घेऊन बसले आणि मूळ गोष्ट राहिलीच.

हिशेब केला तर, हाउसिंग बंद डबा झाला आणि आतली हवा ३५ अंशांवरून ८५ अंशांवर गेली, तर दाब साधारण १६ टक्के वाढतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दीडशे-एकशे साठ ग्रॅमचा धक्का. सीलचा ओठ तेल अडवायला असतो, दाब अडवायला नाही. आणि गाडी गार झाली की उलटं होतं, डबा बाहेरची हवा आत ओढतो, त्याच ओठाखालून, धुळीसकट. चर पडायला आणखी काय हवं?

ट्रिपवाले_काका · ८ मे, सकाळी ८:०५

गणित मला कळत नाही पोरी. कुकरची शिट्टी चोंदली की झाकणाकडनं फेस येतो, एवढं कळतं.

बाळीवेशीतला · ८ मे, सकाळी ८:२०

मग आता नुसती टोपी साफ करून सोडून द्या की. सील काढायची गरज काय?

लेथवाला_पूर्वभाग · ८ मे, सकाळी ८:५२

तीन सीलं हातोड्यानं बसवलीत, मानेला काय झालंय देव जाणे. उघडल्याशिवाय कळणार नाही.

एमएच१३वाला · १२ मे, रात्री ९:३०

झालं काम. सविस्तर लिहितो, कारण वेळ सगळा चिल्लर गोष्टींत गेला.

फ्लँज धरायला काहीतरी हवं होतं, नाहीतर नट सोडवताना सगळंच फिरतं. लेथवाल्या दादांकडे गेलो. त्यांनी मागाच्या भंगारातली अडीच फूट लांब जाड लोखंडी पट्टी काढली, टोकाला फ्लँजच्या बोल्टांच्या अंतरावर दोन भोकं पाडली, मध्ये पाना जाईल एवढा गोल कापला. पैसे विचारले तर म्हणाले, चहा सांगा. पट्टीचं लांब टोक जमिनीला टेकतं आणि फ्लँज जागचा हालत नाही.

वजनाचा काटा गल्लीतल्या रद्दीवाल्याचा. त्याला वाटलं मी त्याचं माप तपासतोय, आधी देईना.

आधी तेल भरायचं बूच सोडवलं, मग काढायचं. हा क्रम काकांनी फोनवर बजावला होता: तेल काढून बसलात आणि भरायचं बूच गंजून अडकलं, की गाडी जागेवरच राहते. माझं भरायचं बूच खरंच अडकलं होतं, डांबरामुळंच. रात्रभर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं तेव्हा सकाळी सुटलं. तेल काळपट, पण बुचावर नुसती करड्या रंगाची मऊ लाद, कण नाहीत. बोटांत चोळून बघितलं, टोचलं काही नाही.

ओढ मोजली. पाच वेळा ओढून पाचही वेळा दोन किलो शंभर ते दोन किलो दोनशे. आडवं-तिडवं काही नाही, एकसारखं फिरतंय. गननं घात झालेला नव्हता, किंवा झाला असला तरी बेअरिंगनं सहन केलाय. फिरवताना खरखर नाही.

पंचनं खुणा. नटाची दाबलेली कॉलर बारीक छिन्नीनं उचलली. पट्टी लावून लांब दांड्यानं नट सोडवला. फ्लँजला हातोडा लावला नाही, पुलरनं ओढला, हळूच आला.

आता मान. नख फिरवलं आणि अडकलं. एक नाही, दोन रेघा, दोन-अडीच मिलीमीटरच्या अंतरावर. वरून एका बाजूला हातोड्याची खोक, तांदळाएवढी, बरोबर ओठाच्या वाटेवर. जुनं सील बाहेर काढलं तर ते तिरकं बसलेलं, वरच्या बाजूला खोल, खालच्या बाजूला वर. आणि ओठामागची बारीक स्प्रिंग निसटून एका बाजूला गोळा झालेली. वीस दिवस टिकलं हेच नवल.

दोन रेघांमुळं सील कमी आत बसवायचा उपाय बाद. फ्लँज घेऊन पुन्हा पूर्व भागात. दादांनी मायक्रोमीटर लावून मान मोजली, खोक कानशीनं फक्त उंचवट्यापुरती उतरवली, बाही चढवली. बाहीची कड नखाला लागत नाही इतकी पातळ.

सील विकत घेताना एक कळलं, ते इथं लिहून ठेवतो. दुकानदारानं आधी दिलं त्याचं आतलं-बाहेरचं माप अगदी बरोबर होतं. पण ओठाच्या आतल्या बाजूला बारीक तिरक्या रेघा असतात आणि वर फिरण्याच्या दिशेचा बाण. तो बाण उलटा होता. त्या रेघा तेल आत ढकलायला असतात, उलट्या लागल्या तर पंपासारख्या बाहेर ढकलणार. दुकानदार म्हणाला, "माप तेच आहे ना?" मी दुसरं मागितलं. आता वाटतं, मागच्या तीनपैकी एखादं असंच नसेल कशावरून.

बसवताना ओठाला ग्रीस, बाहेरच्या कडेला सीलंटचा पातळ हात. पाइपाचा तुकडा सीलच्या पत्र्यावर टेकवून थोडं थोडं ठोकत गेलो, दर दोन ठोक्यांनी चहूबाजूनं खोली मापून. फ्लँजच्या आतल्या दात्यांना आणि वॉशरखाली पण सीलंट लावला, कारण तेल दात्यांमधूनसुद्धा नटाकडं येतं आणि माणूस सीलला शिव्या देतो.

नट जुनाच. ताई, रागवू नका. नवीन सोलापुरात त्या दिवशी मिळाला नाही. आटे मोजून, खुणेवर आणला, पुढं केसभर. काटा: दोन किलो तीनशे. कॉलर पुन्हा खाचेत दाबली, जुन्या जागेच्या शेजारी, जिथं धातू अजून कोवळा होता.

टोपी काढून रॉकेलमध्ये भिजवली, आत डांबराचा बोळा होता तो तारेनं काढला. आता तोंडानं फुंकली तर हवा जाते. तेल एसएई ९०, जीएल-५ भरलं, भरायच्या बुचाच्या खालच्या काठावरून ओघळेपर्यंत. गाडी सपाट जागेवर उतरवून पुन्हा पातळी बघितली तर आणखी थोडं मावलं.

एकूण दोन दिवस. पाठ गेलीय.

गिअरताई · १२ मे, रात्री १०:०५

रागावले नाही, पण तो नट महिन्याभरात बघा, खूण जागेवर आहे का. आणि पहिल्या फेरीनंतर हाउसिंगच्या नाकाडावर हात ठेवा. गरम लागेल, ते चालेल. हात ठेववतच नसेल तर प्रीलोड जास्त आहे.

पाना_१९ · १२ मे, रात्री १०:१७

दोन रेघा म्हणजे एक मूळची आणि एक त्या तिरक्या सीलनं पाडलेली, असा माझा अंदाज. तिरक्या सीलचा चर रुंद असतो, बघ आठवून.

एमएच१३वाला · १२ मे, रात्री १०:२५

हो, एक बारीक होती आणि एक पसरट. पसरटच्या तळाशी काळी धूळ बसलेली.

एमएच१३वाला · १५ जून, संध्याकाळी ७:५०

महिन्याचा हिशेब. अकराशे किलोमीटर झाले, त्यात एक फेरी भर दुपारी ४२ अंशांत पंढरपूर, आठ माणसं आणि एसी चालू. नाकाडावर हात ठेववतो. आवाज नाही. नटाची खूण जागेवर. सीलच्या काठाला कोरडी धूळ बसलीय, लाल-करडी, बोट फिरवलं तर उडते. इतकी सुंदर धूळ मी आयुष्यात बघितली नव्हती.

उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला मात्र किंचित ओल दिसतेय. ब्रेक ऑइल नाही, वास तोच गंधकाचा. दाबानं तिथलं सीलही दुखावलं असणार. पुढच्या रविवारी ड्रम उघडतो.

चादर उचलली. बायकोनं धुवायला टाकली आणि परत बाहेर काढून फेकली.

अँबी_८६ · १५ जून, रात्री ९:०२

दादा, जुळे सोलापुरात राहतो. माझ्या अँबॅसिडरलाही पिनियनकडूनच गळतंय. ती फ्लँज धरायची पट्टी देता का दोन दिवस?

एमएच१३वाला · १५ जून, रात्री ९:१०

घेऊन जा, पण तुझ्या बोल्टांचं अंतर वेगळं निघेल. लेथवाल्या दादांकडे जाऊन दुसऱ्या टोकाला भोकं पाडून घे, माझं टोक तसंच राहू दे. आणि येताना आधी खाली झोपून टोपी बघून ये.

लेथवाला_पूर्वभाग · १५ जून, रात्री ९:२१

या. चहा तुमच्याकडून.